शब्दांचे बचत खाते

पंचेचाळिशीत माणसाने काय वाढवावे? पोट वाढतेच, त्याला वेगळे कष्ट लागत नाहीत. मी इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायचे ठरवले. बढतीच्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपराने मला दोनदा आपटले होते.

पडलो बी. कॉम.! वहीत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अशी चक्क खतावणी उघडली. रोज पाच शब्द जमा. रात्री ताळा घ्यावा तर शिल्लक दोन! "बाकीचे तीन गेले कुठं?" असं मी पुटपुटलो, तर सौ. म्हणाली, "जिथं सकाळी सांगितलेली कोथिंबीर गेली, तिथंच!"

शब्दांच्या मुळाशी मात्र मौज निघाली. 'मॉर्गेज' म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये 'मेलेले तारण'. 'बँकरप्ट'चे मूळ इटालियन, अर्थ 'मोडलेले बाक'. हे कळल्यावर दुसऱ्या दिवशी मी माझी डुगडुगती खुर्ची हळूच भिंतीला टेकवली.

मग समानार्थी शब्दांकडे वळलो. पीटर रॉजे या डॉक्टराने आपला प्रसिद्ध कोश १८५२ साली छापला, तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. म्हणजे मला अजून बराच अवकाश! 'लेट' म्हणजे उशिरा आलेला आणि कायमचा गेलेलाही. त्या हिशेबाने हजेरीत मी रोजच कैलासवासी.

परवा एक आजी काउंटरवर आल्या. हातात नवऱ्याचं पासबुक आणि दाखला. सोबत कोणी नाही. मी त्यांचा फॉर्म भरत होतो. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. "बाळा, हे काय लिहिलंस?"

तिथं होतं 'डिसीज्ड'. त्याचे पाच समानार्थी शब्द मला तोंडपाठ. पण मराठीतला एकही जिभेवर येईना. 'मयत' हा शब्द फायलीत ठीक, आजींच्या तोंडावर म्हणवेना. शेवटी म्हणालो, "आजोबा आता सही करायला येणार नाहीत, असं लिहिलंय."

आजींनी पदराने डोळे पुसले आणि हसल्या. "आले असते तरी काय रे! त्यांचा अंगठाच होता."

पेपर पुढच्या महिन्यात आहे. वहीत त्या शब्दासमोरची उजवी बाजू अजून कोरीच आहे. बी. कॉम. माणसाला हे शोभत नाही. पण असू दे.