तिसरा हिस्सा

मुंबईचं गिरणगाव कधी संपलं, असं विचारलं की बहुतेक जण १८ जानेवारी १९८२ ही तारीख सांगतात. त्या दिवसापासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. तारीख खरी, त्यातलं दुःखही खरं. पण हा निवाडा मला घाईचा वाटतो. गिरण्या बुडणं आणि गिरणगाव बुडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी घडली कागदावर, तीही जवळजवळ वीस वर्षांनी. हा फरक सोडून दिला, तर कामगारांनी आपली वस्ती आपल्याच हातानं मोडली असा अर्थ निघतो, आणि तो त्यांच्यावर धडधडीत अन्याय आहे.

१८५६ साली ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी सुरू झाली आणि पुढे भायखळ्यापासून दादरपर्यंत भोंग्यांवर चालणारं एक गाव उभं राहिलं. त्याला गिरणीनं मजुरी दिली. गावपण मात्र माणसांनी जागा वाटून घेण्यातून आलं. दहा बाय बाराची खोली, भिंतीला लागून एकावर एक रचलेल्या ट्रंका, आणि दिवसपाळीचा गडी कामावर गेला की त्याच वळकटीवर आडवा होणारा रातपाळीचा गडी. घरदार कोकणात किंवा घाटावर, म्हणून जेवण खानावळीत. शेजारच्या चाळीतली एखादी बाई पंधरा-वीस जणांच्या भाकऱ्या थापायची, पैसे पगार झाल्यावर. तोवर किराणा सावकाराच्या कर्जावर. अशाच बायकांना घेऊन १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गॅलरीत भजन, मैदानात कबड्डी, नाक्यावर अण्णाभाऊ साठे नि अमर शेख यांची शाहिरी. लालबागच्या राजाचं मूळही जागेच्याच मागणीत आहे: पेरू चाळीतला बाजार बंद झाल्यावर कोळी बांधवांनी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस केला आणि १९३४ साली गणपती बसवला. यातलं फारसं काही संपानं मेलं नाही. भोंगे थांबल्यावरही गणपती बसत राहिले, खानावळीवाल्यांच्या चुली पेटत राहिल्या, आणि पुष्कळ घरं त्या चुलींवरच तगली.

यावर कोणी म्हणेल, हे गरिबीचं कौतुक झालं. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. मजल्याच्या टोकाच्या संडासासमोर पहाटे रांगेत उभं राहणाऱ्या बाईला गॅलरीतल्या शेजारधर्माची महती सांगायचा अधिकार कोणालाच नाही. आणि हे गाव सगळ्यांचं सारखं होतं असंही नाही. साचाखात्यात विणकराला धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागे. एवढ्यावरून, विटाळ मानून, दलितांना त्या जास्त पगाराच्या खात्यात पाऊल ठेवू दिलं जात नसे. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांत पिढ्या काढलेल्यांना पुनर्विकासात ५०० फुटांचं घर मिळतंय, हे चांगलंच होतंय. पण घरात संडास येण्यासाठी दारासमोरचं मैदान गेलंच पाहिजे, असा नियम कुठे आहे?

उलट, नियम होता तो मैदानाच्या बाजूचा. १९९१च्या विकास नियमावलीत ५८व्या कलमानं गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. सुमारे ६०० एकरांचा हा प्रश्न होता. २००१ साली दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणी पाडून निघालेली जमीन हिशेबातून गेली. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये ही वाट अडवली, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ती मोकळी केली. माझ्या लेखी गिरणगाव संपलं ते या दुरुस्तीत. मालक म्हणत, जमीन विकल्याशिवाय कामगारांची देणी कुठून भागवायची? देणी भागलीच पाहिजेत, पण त्यासाठी मालकाचा स्वतःचा हिस्सा होताच. लोकांच्या दोन हिश्शांना हात लावायची काय गरज होती? पुढे घरांसाठी सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आले. पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, संपाला तीस वर्षं झाल्यावर.

मोकळी जागा गेली याची किंमत फक्त जुन्या रहिवाशांनी मोजली असंही नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, रस्ते आणि पूल मात्र पाळीच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ला सकाळी पाऊस आला, याच पट्ट्यातल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलाच्या अरुंद जिन्यावर माणसं खोळंबली, आणि चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यांत कितीतरी जण कामावर निघालेले होते.

मागितलं तर मिळतं, याचाही दाखला दादरलाच आहे. इंदू मिलची जमीन आंबेडकरी जनतेनं नेट लावून बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळवली. परळ-लालबाग पट्ट्यात अजून काही बंद गिरण्यांच्या चिमण्या उभ्या आहेत. त्यांच्या जमिनींचा आराखडा निघेल तेव्हा मुंबईकरांनो, हरकती-सूचनांची मुदत चुकवू नका. आधी मोकळ्या जागांचा तो तिसरा हिस्सा मागा.