मागं राहिलेली गाणी

माझ्या कपाटात एक सीडी आहे. आता ती कुठल्याच यंत्रात वाजत नाही. खालचा निळसर थर पिवळा पडलाय, कडेला पापुद्रे सुटलेत. तरी घर बदलताना ती सगळ्यात आधी पिशवीत जाते. वरच्या पांढऱ्या बाजूवर काळ्या मार्करनं ‘उरलेली गाणी’ असं लिहिलेलं आहे. त्यातला ‘उरलेली’ हा शब्द एका आडव्या रेघेनं खोडून, वर दुसऱ्या हातानं लिहिलंय : ‘मागं राहिलेली’. खोडलेला शब्द माझा, वरचे दोन शब्द भैयाचे. आयुष्यात पुष्कळांनी मला पुष्कळ दिलं, त्यातलं काही थोडंफार फेडताही आलं. या दोन शब्दांचं देणं मात्र अजून तसंच आहे.

२००१ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल घेऊन मी नांदेडहून लातूरला आलो. आमच्या भागात हुशार ठरलेल्या पोराची वाट तेव्हा ठरलेली असायची. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचायची आणि ट्रंक, गादी, बादली घेऊन पोरगं ‘लातूर पॅटर्न’च्या हवाली व्हायचं. एका खोलीत तिघं, मेसचा डबा, पहाटे चारचा गजर आणि सराव परीक्षांवर सराव परीक्षा. त्या शिस्तीनं शेतकऱ्यांची, शिक्षकांची शेकडो पोरं डॉक्टर केली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला मात्र तिथं एकच गोष्ट फार जाणवायची. आवाज नव्हता. नांदेडला जुन्या भागात आमचं घर. पहाटे सचखंड गुरुद्वाऱ्याकडून कीर्तन कानावर यायचं, संध्याकाळी आजोबा भजनात पखवाज धरायचे. लातूरच्या त्या खोलीत पानं उलटल्याचाच तेवढा आवाज.

औसा रोडच्या एका गल्लीत भैयाचं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडचे आडोसे आणि कोपऱ्यात त्याचं टेबल. मी जुन्या प्रश्नपत्रिका शोधायला जायचो. भैया तेव्हा बावीस-तेवीसचा असेल. बोलणं कमी, कानावर कायम हेडफोन. गाव तेरणेच्या काठचं, एवढंच मला माहीत होतं. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी जी १२०० मुलं पुण्याला नेली, त्यांत तो होता, हे मेसमधल्या एकानं सांगितलं. इंग्रजी गाण्यांचा नादही त्याला पुण्यातच लागलेला. मी कधी काही विचारलं नाही. लातूरमध्ये असताना ३० सप्टेंबर १९९३ बद्दल आपणहून कुणाला विचारायचं नसतं, हे बाहेरून आलेलं पोरगंही महिन्याभरात शिकतं.

एकदा वीज गेली आणि कॅफेत आम्ही दोघंच उरलो. यूपीएस टिकटिक करत होता. त्यानं हेडफोन काढून माझ्या कानावर ठेवले. “नांदेड, पाच मिनिटं ऐक. नाही आवडलं तर दे परत.”

ते ‘सिस्टीम ऑफ अ डाऊन’ होतं. ‘टॉक्सिसिटी’ हा अल्बम. पहिल्यांदा नुसता दणका बसला, लग्नाच्या वरातीत हलगीवाला अगदी कानाशी येऊन उभा राहावा तसा. मग त्या दणक्याच्या आतून एक चाल वर आली आणि मी चमकलो. आजोबांच्या भजनात शेवटी भैरवी लागते, तिची सावली होती तिच्यात. गाणारा ओरडत होता, पण त्याचं ओरडणं रडण्याच्या फार जवळचं होतं. एक शब्द कळला नाही आणि तरी वाटलं, हा माणूस आपल्या घरचं काहीतरी सांगतोय.

भैयानं मग हळूहळू सगळं सांगितलं. बँड लॉस एंजेलिसचा, पण चौघेही आर्मेनियन वंशाचे. गाणारा सर्ज टँकियन बैरूतमध्ये जन्मलेला. ऑटोमन साम्राज्यात १९१५ मध्ये आर्मेनियन लोकांचा संहार सुरू झाला, त्यात सुमारे १५ लाख माणसं गेली. सर्जचे आजोबा तेव्हा लहान पोर होते, ते वाचले. १९९८ च्या पहिल्या अल्बमचं शेवटचं गाणं या चौघांनी त्या मेलेल्यांना वाहिलंय. “आज्यानं सांगितलेलं नातू गायलाय,” भैया म्हणाला. “आणि अख्खं जग ऐकायलंय.” ‘टॉक्सिसिटी’ ४ सप्टेंबर २००१ ला आला आणि अमेरिकेवर हल्ला झाला त्याच आठवड्यात तिथल्या यादीत पहिला होता. आम्ही ऐकायला लागलो तेव्हा तो वर्षभराचा जुना झाला होता. आमच्यापर्यंत कुठलीही गोष्ट पोचायला तेवढा वेळ लागायचाच.

त्यानंतर लातूर सोडेपर्यंत माझा एक नेम झाला. रविवारी सराव परीक्षा सुटली की अर्धा तास भैयाकडं. त्याचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत.

२००३ च्या जूनमध्ये निकाल लागले. बारावी बरी गेली होती, सीईटी गेली नव्हती. मेडिकलला नंबर लागणार नाही, हे यादी पाहण्याआधीच कळलं होतं. नांदेडला फोन केला तर मागून कुणीतरी पाहुणे बोललेले ऐकू आले, “पोरगं मागं राहिलं.” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, कळवळाच होता. पण ते तीन शब्द घेऊन मी गंजगोलाईभोवती किती फेऱ्या मारल्या, ते आठवत नाही. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या संध्याकाळी त्यांतला एकही कुठं जातोय असं वाटत नव्हतं.

शेवटी कॅफेत गेलो. भैयानं वर पाहिलं.

“का रं नांदेड, तोंड का उतरलंय?”

मी सांगितलं. तो काही बोलला नाही. ड्रॉवरमधून एक कोरी सीडी काढली, फुंकर मारली आणि रायटरमध्ये सरकवली. “बस. तुला न्यायला एक गोष्ट देतो.”

तेव्हा सीडी लिहायला चांगला वेळ लागायचा आणि मध्येच वीज गेली तर ती वायाच जायची. आम्ही दोघं पडद्यावरच्या निळ्या पट्टीकडं बघत बसलो. ती पट्टी पुढं सरकत असताना त्यानं मला त्या गाण्यांची कथा सांगितली.

‘टॉक्सिसिटी’च्या वेळी बँडनं कितीतरी जास्त गाणी केली होती. त्यातली थोडीच अल्बमवर गेली. बाकीची अर्धवट अवस्थेत कुणीतरी बाहेर काढली आणि २००२ च्या सुरुवातीला ‘टॉक्सिसिटी २’ या नावानं इंटरनेटवर सोडून दिली. आपलं अर्धं राहिलेलं काम लोक ऐकतायत, याचं बँडला वाईट वाटलं. पण त्यांनी नुसती तक्रार केली नाही. ती गाणी पुन्हा हातात घेतली, नीट पूर्ण केली आणि २६ नोव्हेंबर २००२ ला सोळा गाण्यांचा अल्बम बाहेर काढला. त्रेचाळीस मिनिटांचा. नाव ठेवलं ‘स्टील धिस अल्बम!’, म्हणजे हा अल्बम चोरा. ॲबी हॉफमन या अमेरिकन चळवळ्यानं १९७१ मध्ये ‘स्टील धिस बुक’ नावाचं पुस्तक काढलं होतं, त्याची ती आठवण.

पट्टी शेवटाला पोचली, ट्रे बाहेर आला. सीडी कोमट होती. त्यानं मार्कर माझ्या हातात दिला. “लिही वर काहीतरी, नाहीतर हरवशील.”

मी लिहिलं, ‘उरलेली गाणी’.

त्यानं सीडी ओढून घेतली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग दिसला. एका रेघेनं माझा शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘मागं राहिलेली’.

मला ते चाबकासारखं लागलं. हेच तर सकाळी फोनवर ऐकलं होतं.

“ऐक,” तो म्हणाला. “उरलेलं म्हणजे ताटातलं. कुणाला नको असलेलं. ही गाणी तशी नव्हती. बँडवाले सोताच सांगायलेत, ही टाकाऊ नाहीत, त्या अल्बमच्या सुरात बसली नाहीत म्हणून मागं ठेवली. मागं राहिलेल्याचं काम बाकी असतंय. म्हणून तर त्यांनी परत हातात घेतली.” मग सीडी माझ्या हातात ठेवत म्हणाला, “त्यांनी चोरा म्हटलंय म्हणून आज चोरायलो. तू कमवायला लागलास की हीच विकत घे.”

त्या रात्रीच्या एसटीत मी वॉकमन नाही, काही नाही, नुसती सीडी मांडीवर घेऊन नांदेडला आलो. बी.एस्सी.ला नाव घातलं. सीडी ऐकायला मिळाली ती पंधरा दिवसांनी, एका मित्राच्या घरी. त्या सगळ्या गदारोळात ‘रूलेट’ नावाचं एक गाणं आहे, गिटारीवरचं, अगदी हळू. दणक्याच्या अल्बमवर त्याला जागा मिळाली नसणार, हे ऐकताक्षणी कळतं. त्याची जागा इथंच होती. ते ऐकताना मला पहिल्यांदा झोप लागली, त्या जूनमधली.

भैयाला तो शब्द एवढा का लागला, हे कळायला चार वर्षं गेली.

२००६ च्या अखेरीपासून नांदेड शहराच्या जमिनीतून आवाज यायला लागले. सुरुंग लावल्यासारखा धडाका आणि पायाखाली हलकीशी थरथर. मोठं काही झालं नाही, पण लोक रात्री अंगणात, मैदानात झोपायला लागले. आम्हीही अंगणात अंथरुणं टाकली. २००७ मध्ये अशाच एका दिवशी संध्याकाळी दारात भैया उभा. लातूरहून एसटीनं आला होता. बातमी ऐकली आणि राहवलं नाही, एवढंच म्हणाला. आईनं त्याला जेवायला वाढलं. रात्री तो झोपला नाही. मी पण नाही. पहाटे चारच्या सुमारास, कुणी काही न विचारता, तो बोलायला लागला.

गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं होतं. तो मंडळाच्या पोरांबरोबर देवळापुढच्या ओट्यावरच आडवा झाला. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी आधी आवाज आला, मग जमीन. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. ऊन-थंडी अडवायला बांधलेलं ते घर सहा जणांवर बसलं. चौदा वर्षांचा तो बाहेर होता. मग पत्र्याच्या शेडमध्ये जो येई तो, मदत वाटणारा, नोंद घेणारा, नातलग, त्याच्याकडं बोट दाखवून म्हणे, “हा एकटा उरला.”

“शिळ्या भाकरीला म्हणतात तसं,” भैया म्हणाला.

शेडमध्ये शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिचंही सगळं गेलेलं. तिनं एक दिवस नोंद घेणाऱ्या माणसाला दटावलं. उरला म्हणू नका, मागं राहिलाय म्हणा. मेलेल्याच्या मागं कोण, असं विचारतात की नाही? त्यांच्या मागं हा आहे.

मी अंधारात गप्प बसून राहिलो. म्हणजे त्या जूनमध्ये भैयानं मला बँडचं बोलणं सांगितलं होतं, पण शब्द स्वतःचा दिला होता. नंबर हुकलेल्या एका पोराला, सहा माणसं गमावून मिळालेला शब्द, मार्करनं लिहून, फुकट. मी तो घेतला आणि त्याची किंमत मला ठाऊकही नव्हती.

त्यानंतर मी आर्मेनियाबद्दल बरंच वाचलं. ७ डिसेंबर १९८८ ला तिथंही भूकंप झाला, स्पिटाक गाव जमीनदोस्त झालं, सुमारे २५,००० माणसं गेली. तेव्हा इयन गिलन, ब्रूस डिकिन्सन, टोनी आयोमी, रिची ब्लॅकमोर यांच्यासारख्या दणक्याचं संगीत करणाऱ्यांनी १९८९ मध्ये एकत्र येऊन ‘स्मोक ऑन द वॉटर’ नव्यानं मुद्रित केलं आणि मदतीसाठी पैसा उभा केला. फोनवर भैयाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मोठा आवाज भूकंपाचाच असतोय असं नव्हं.”

पहिल्या पगाराच्या वर्षी, २००८ मध्ये, कामासाठी मुंबईला गेलो असताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये ‘स्टील धिस अल्बम!’ मिळाला. हातात घेतला आणि क्षणभर वाटलं, काहीतरी चुकलं. वेष्टनात पुस्तिका नाही, चित्र नाही. पारदर्शक डबी आणि आत पांढरी सीडी, तिच्यावर मार्करनं हातानं लिहिल्यासारखी अक्षरं. बँडनं मुद्दामच तो घरी उतरवून घेतलेल्या सीडीसारखा केला होता. लातूरच्या गल्लीत भैयानं बनवली तशी. मी एक नाही, दोन घेतल्या.

दुसरी घेऊन ३० सप्टेंबरला त्याच्या गावी गेलो. सकाळी किल्लारीच्या स्मृतिस्तंभावर फुलं वाहिली. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या होत्या, त्यांच्या मुळाशी अजून चौकटीचे दगड दिसत होते. मग आम्ही नव्या गावात आलो. सरळ रेषेतल्या गल्ल्या, पुनर्वसनातलं अडीचशे चौरस फुटांचं घर. भिंतीवर सहा जणांपैकी दोघांचेच फोटो. बाकीच्यांचे कधी काढलेच नव्हते.

मी नवी सीडी त्याच्या हातात दिली आणि जुनीही बाहेर काढून शेजारी ठेवली. त्यानं दोन्ही दारातल्या उजेडात धरल्या. आलटून पालटून पाहिल्या. नव्या सीडीवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

“यावर खोडलेलं काही नाही,” तो म्हणाला.

मग नवी त्यानं फोटोंच्या खालच्या फळीवर ठेवली आणि जुनी माझ्या हातात परत दिली.

“ही तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे.”