दुसऱ्याचं पाकीट

शहाडमध्ये कुणी उमऱ्याला किंवा आखातात निघालं की बातमी दोन दिवसांत मोहन्यापर्यंत पोहोचते. सलाम-दुआ करायला येणारे मग रिकाम्या हाताने येत नाहीत. जेद्दाहतल्या मुलासाठी मसाला, दुबईतल्या सुनेसाठी सुके बोंबील, कुणाच्या जावयासाठी गुडघ्याच्या गोळ्या. ‘दोनच किलो आहे, कुठेही बसेल.’

परदेशातली फसवणूक म्हटली की आपल्याला जादा भाडं घेणारा टॅक्सीवाला आठवतो, नाहीतर ‘हरमच्या शेजारी’ म्हणून लांबचं हॉटेल देणारा एजंट. त्यात पैसे जातात. पाकिटात माणूसच अडकतो.

2019 साली मुंबईचं एक तरुण जोडपं कतारला फिरायला गेलं. सहल नवऱ्याच्या फुफीने घडवली होती, आणि सोबत तिकडे द्यायला एक पाकीट दिलं होतं. तंबाखू आहे, असं सांगून. दोह्याच्या विमानतळावर त्यातून सुमारे चार किलो चरस निघालं. दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती. लेक तुरुंगातच जन्मली. इकडे घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही, तपासात दोघांना फसवलं गेल्याचं पुढे आलं, आणि 2021 मध्ये ते निर्दोष सुटून घरी परतले. अनोळखी माणसाने पाकीट दिलं असतं तर कदाचित त्यांनी उघडून पाहिलं असतं. फुफीचं कोण उघडतं?

देणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं असावंच लागतं असंही नाही. आपल्या मसाल्यातली खसखस अमिरातीत आणि सौदीत बंद आहे. इथे चिठ्ठीवर सहज मिळणाऱ्या काही वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांवर तिकडे कडक नियंत्रण आहे. स्वतःची औषधं असली तरी मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. दुसऱ्याची तर नकोतच. नोकरीला जाणाऱ्या पोरांना काही एजंट तिकिटाबरोबर ऐन विमानतळावर एक पिशवी देतात, ‘तिकडे आपला माणूस घ्यायला येईल’ म्हणून. अशी पिशवी हातातसुद्धा घ्यायची नाही. एजंट रागावला तर रागावू दे.

आमच्या घरात आता रीत ठरली आहे. बाहेरून आलेलं प्रत्येक पुडकं बैठकीत चादर अंथरून, देणाऱ्यासमोरच उघडायचं. घेणाऱ्याला तिथूनच फोन लावायचा. शिवलेलं किंवा चिकटपट्टीने गुंडाळलेलं काही घ्यायचं नाही.

याची किंमत मोजावी लागते. गेल्या खेपेला शेजारच्या खालाने आणलेला डबा अम्मीने उघडायला मागितला. खालाचा चेहरा उतरला. ‘माझ्यावर शक?’

अम्मी म्हणाली, ‘शक नाही, खाला. पण तिथे बॅग कुणाची, एवढंच विचारतात.’

खाला डबा उचलून चहा न घेताच गेली. डब्यात बहुधा नानकटाईच होती. रमजानमध्ये तिच्याकडून इफ्तारीचं ताट आलं नाही. ईदला अम्मीने शीरखुर्म्याचं पातेलं पाठवलं. ते धुऊन परत आलं, पण रिकामं. अम्मीने ते फडताळात ठेवलं आणि म्हणाली, ‘बकरीदला पुन्हा पाठवू.’