साडेतीन इंचांचा हिशेब

‘जिम्नीला रुंद डिस्क घाल, चाकं बाहेर काढ, गाडी कलत्या वाटेवरही पाय रोवून उभी राहील,’ असं मी निदान सहा जणांना छातीठोकपणे सांगितलं आहे. त्यातल्या तिघांनी माझ्या शब्दावर पैसे खर्च केले. तो सल्ला मी आज मागे घेतो आहे. का घेतो आहे, हे नीट सांगणं त्या तिघांचं माझ्याकडे असलेलं देणं आहे.

२०२३च्या जूनमध्ये जिम्नी भारतात आली आणि त्याच दिवाळीत ती माझ्या दारात उभी राहिली. कंपनीचे टायर १९५/८० आर १५, डिस्क साडेपाच इंची, ऑफसेट अधिक ५ मिलिमीटर. मुळशीकडच्या चिखलात दोनदा रुतल्यावर मी २३५/७५ आर १५ घ्यायचं ठरवलं. दुकानात त्यासाठी आठ इंची डिस्क दाखवली, बॅकस्पेसिंग साडेतीन इंच. घरी येऊन मी कंपनीची डिस्क मोजली. डिस्क पालथी ठेवायची, आतल्या कडांवर सरळ पट्टी आडवी टाकायची आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतची खोली मोजायची. तीही जवळपास साडेतीन इंच भरली. आकडा जुळला म्हणजे चाक फार बाहेर जाणार नाही, अशी माझी खात्री झाली. माझी चूक इथेच झाली आणि ती पुढे दीड वर्ष मला दिसली नाही.

बॅकस्पेसिंग फक्त आतल्या कडेबद्दल बोलतं. बाहेरची कड कुठे गेली, हे ते सांगत नाही. ते सांगतो ऑफसेट, म्हणजे डिस्कच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर. टेकणारा भाग मध्यापेक्षा बाहेरच्या अंगाला असेल तर ते अधिक धरतात, गाडीच्या अंगाला असेल तर उणे. डिस्कची छापील रुंदी टायर बसतो त्या दोन जागांमधली असते. कडा धरल्या तर साधारण एक इंच वाढतो. म्हणजे आठ इंची डिस्क प्रत्यक्षात नऊ इंच, सुमारे २२९ मिलिमीटर. तिचा निम्मा ११४. साडेतीन इंचांच्या ८९मधून ते वजा केले की ऑफसेट निघतो उणे २५. कंपनीचा अधिक ५. चाकाचा मध्य प्रत्येक बाजूला ३० मिलिमीटर बाहेर गेला होता. टायरही रुंद असल्यामुळे त्याची आतली बाजू जेमतेम १० मिलिमीटर मोकळी झाली होती आणि बाहेरची ५० मिलिमीटर पुढे आली होती. हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. मी ते केलंच नव्हतं, कारण दिसायला गाडी फार सुंदर झाली होती.

सुरुवातीचे महिने माझा सल्ला खराही वाटत होता. दोन चाकांमधलं अंतर ६० मिलिमीटरनं वाढल्यामुळे आडव्या उतारावर गाडी खरोखरच कमी कलंडल्यासारखी वाटते. तेवढा गुण मी आजही नाकारत नाही. पण त्याच काळात स्टेअरिंग हातात झटके देऊ लागलं होतं आणि मी त्याला ‘मोठ्या टायरचा स्वभाव’ म्हणत होतो. चौदाव्या महिन्यात महामार्गावर सत्तरच्या वेगात एका खड्ड्यानंतर पुढची चाकं अशी थरथरू लागली, की गाडी थांबेपर्यंत दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट आवळून धरावं लागलं. मिस्त्रींनी पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं, तेव्हा ते मलाही दिसण्याइतकं डुललं. किंगपिनची बेअरिंगं सैल झाली होती, डाव्या हबचं बेअरिंग गुरगुरत होतं. ओढ्यांतलं पाणी आणि चिखल यांचाही त्यात वाटा असणार. सगळं पाप ऑफसेटच्या माथी मारणं बरोबर नाही. पण मिस्त्रींचा प्रश्न मला विसरता येत नाही. “साहेब, बादली अंगाजवळ धरली आणि हात लांब करून धरली, तर खांदा कधी दुखतो?”

चाक ज्या तिरक्या रेषेभोवती वळतं, ती रेषा किंगपिनमधून जाऊन जमिनीला मिळते. त्या बिंदूपासून टायरचा मध्य जितका बाहेर, तितकी प्रत्येक दगडाला स्टेअरिंग ओढायला लांब तरफ मिळते. मोठ्या टायरनं गाडी उचलली की ही रेषा जमिनीला किंचित बाहेर मिळते, म्हणून चाक थोडं बाहेर काढणं योग्यच, असं मी लोकांना सांगत असे. सांगणं खरं होतं, माप खोटं होतं. माझ्या टायरनं आस २० मिलिमीटर वर गेला. रेषेचा कल दहा अंश धरला तर त्याची भरपाई होते साडेतीन मिलिमीटरांची. मी काढले होते तीस.

तरीही मी कदाचित नवी बेअरिंगं घालून गप्प बसलो असतो. पण माझ्या सांगण्यावरून तशाच डिस्क घेतलेला एक मित्र घरच्यांना घेऊन कोकणात उतरत होता. पूर्ण वळवलेलं चाक घाटातल्या वळणावर खड्ड्यात दबलं आणि मडगार्डच्या मागच्या कडेनं टायरच्या खांद्याचा रबराचा तुकडा कापून काढला. बाहेर काढलेलं चाक चासीला घासत नाही, हे मी त्याला सांगितलं होतं. पण ते वळताना मोठ्या घेरानं फिरतं आणि बंपरच्या, मडगार्डच्या कडांना जाऊन भिडतं, हे मला माहीत नव्हतं, म्हणून त्यालाही नव्हतं. गाडीत त्याची आई होती. टायर फुटला नाही. मित्र मला एका शब्दानंही बोलला नाही आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता माझ्या गाडीला कंपनीच्याच डिस्क आहेत आणि त्यांवर २१५/७५ आर १५. उंची मूळ टायरपेक्षा फक्त १० मिलिमीटरनं जास्त, म्हणजे गाडीखाली ५ मिलिमीटर. २३५च्या तुलनेत पोटाखालचे १५ मिलिमीटर मी गमावले आणि दोन-तीन वाटा सोडून दिल्या. पण चिखलात हवा कमी करून गाडी पूर्वीइतकीच निघते, आणि स्टेअरिंग पुन्हा हलक्या हातानं धरता येतं. ज्यांना २३५ हवेच आहेत, त्यांनी सहा-सात इंची डिस्क घ्यावी, ऑफसेट शून्याच्या आसपास ठेवावा आणि आत घासत असेल तर स्टेअरिंगच्या स्टॉपरनं वळण थोडं कमी करावं, असं माझं आजचं मत आहे. उणे पंचवीस कुणाला सुचवणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधले मूळ रचनेत बदल करण्यावरचे निर्बंध आणि २३५ टायरवर स्पीडोमीटर ८० दाखवताना प्रत्यक्षात ८५च्या जवळ जाणारा वेग या गोष्टीही तेव्हा मी कुणाला सांगितल्या नव्हत्या.

माझ्या सांगण्यावरून ज्या तिघांनी डिस्क घेतल्या, त्यांच्यापैकी दोघांना मी फोन केला आहे. तिसऱ्याचा नंबर बदलला आहे. हे वाचत असशील तर येत्या रविवारी पुढचं चाक जॅकवर उचल, वर-खाली धरून हलवून बघ, आणि डुललं तर गाडी घाटात नेऊ नकोस. माझ्या जुन्या डिस्क मी विकलेल्या नाहीत. दुसऱ्या कुणाच्या गाडीला त्या लागू नयेत म्हणून घरीच ठेवल्या आहेत.