कापसाचा हिशेब

वर्णद्वेष म्हणजे काही दुष्ट माणसांचा स्वभाव, अशी समजूत मुलांच्या मनात लवकर रुजते. मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हियर माय क्राय’ ही १९७६ सालची किशोर कादंबरी मला मोलाची वाटते, कारण तिच्यात अन्याय कागदोपत्री मांडलेला दिसतो. काळ १९३३, ठिकाण मिसिसिपी. नऊ वर्षांच्या कॅसी लोगनच्या शाळेत गोऱ्या मुलांनी वर्षानुवर्षं वापरून झिजवलेली पुस्तकं येतात. आतल्या तक्त्यात दरवर्षी पुस्तक कोणत्या वंशाच्या मुलाकडे गेलं आणि तेव्हा ते कसं होतं, याची नोंद आहे. पार खराब झाल्यावर ते काळ्या मुलांच्या वाट्याला येतं. पहिलीतला धाकटा भाऊ ते नाकारतो आणि मार खातो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ साली ‘वेगळे पण समान’ हे सूत्र मान्य केलं होतं. ते व्यवहारात कसं राबलं, हे या एका तक्त्यावरून सहा वर्षांच्या मुलाला कळतं.

पुढे कॅसीचे आईवडील वॉलेस बंधूंच्या दुकानावर बहिष्कार घालतात आणि अर्धेलीने राबणारी शेजारची कुळं त्यात सामील होतात. जमीनदार ग्रेंजर आपला वाटा निम्म्यावरून साठ टक्क्यांवर नेतो, तशी बरीच कुळं मागे सरतात. त्यांना भित्रं म्हणण्याआधी वाचकाने त्यांच्या घरातल्या पैशांचा हिशेब करावा, इतका तपशील टेलर देतात. चारशे एकरांचे मालक असलेले लोगन अपवादच, मग त्यांच्या कथेतून बाकीच्यांचं जिणं कसं कळणार, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे. पण त्यांच्याकडे जमीन आहे म्हणूनच सत्तेला आपली पुढची हत्यारं उघड करावी लागतात: गुलामगिरीचा इतिहास शिकवला म्हणून आईची नोकरी जाते, आणि १९१८ साली घेतलेल्या दोनशे एकरांवरचं कर्ज बँक एकाएकी पूर्ण मागते. ते फेडायला काकाला आपली मोटार विकावी लागते.

हे सगळं बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला झेपेल का, ही शंका काळजीपोटी येते, हे मला मान्य आहे. पण १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या काळ्या मुलाची हत्या झाली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, आणि आरोपींना केवळ गोऱ्यांच्या ज्युरीने सोडून दिलं. त्याच्या वयाच्या काळ्या मुलांना या माहितीपासून कोणी वाचवलं नव्हतं. टेलर वाचकाला खोटा दिलासाही देत नाहीत. टी.जे. या मुलाला फासावर लटकवायला निघालेल्या जमावाला अडवण्यासाठी कॅसीचा बाप स्वतःच्याच कापसाला आग लावतो. पाव पीक जळतं, जमाव आग विझवायला वळतो, तरीही टी.जे. तुरुंगातच जातो.