पानातली पुडी

अमेरिकेत कँपिंगला जाणाऱ्या मंडळींची एक लाडकी पाककृती आहे. स्टेकचे तुकडे, बटाट्याच्या फोडी, कांदा, थोडं लोणी, मीठ-मिरी, सगळं अॅल्युमिनियम फॉइलच्या चौकोनावर ठेवायचं, पुडी बांधायची आणि निखाऱ्यांवर टाकून द्यायची. भांडं नको, झारा नको, नंतर घासायला काही नको. माझा भाचा तिकडे गेल्यापासून (खरं तर तिकडे गाडी घेतल्यापासून) दर उन्हाळ्यात कुठल्यातरी तळ्याकाठी जाऊन हे करतो आणि आम्हाला फोटो पाठवतो. स्टेक म्हणजे नेमकं कशाचं मांस, हा प्रश्न आमच्या घरात अजून कुणी मोठ्याने विचारलेला नाही. नातेवाईक हे वाचतातच, तेव्हा असो.

यंदा फोटोऐवजी तक्रार आली. मांस रबरासारखं झालं आणि बटाटे मात्र कच्चेच. मी ते आईला सांगितलं. आई ऐंशीच्या पुढे आहे आणि फॉइल तिला फक्त पोळ्यांच्या डब्यापुरतं माहीत. पण तिने क्षणभरही विचार केला नाही. "दोन्ही एका पुडीत घातलं ना त्याने? कंद राखेत, मासळी पानात. मोखाड्याच्या मामींनी कधी एकत्र केलं होतं का?"

मामी म्हणजे बाबांच्या शाळेतल्या शिपाईमामांची बायको. बाबा मोखाडा तालुक्यात शिक्षक होते आणि माझी सातवीपर्यंतची वर्षं तिथेच गेली. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर. त्र्यंबकेश्वरहून घाट उतरून जव्हारला जाताना मध्ये मोखाडा लागतं. जव्हार म्हणजे आमच्या लेखी शहर! तिथे राजवाडा, मोठा बाजार, एस.टी.चा डेपो. मुकणे राजांचं संस्थान होतं ते, समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, म्हणून त्याला हौसेने महाबळेश्वर म्हणणारेही आहेत. मोखाड्याला असं कुणी काही म्हणत नाही. मामींचं घर शाळेच्या मागच्या पाड्यावर, कुडाच्या भिंतींचं, आणि घरात मोजून तीन भांडी. एक भाताचं, एक कोरड्यासाचं, एक पाण्याचं. बाकी स्वयंपाक पानात.

पहिला पाऊस पडला की ओढ्यांना पाणी येतं आणि मासे उलटे, प्रवाहाविरुद्ध वर चढायला लागतात. त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. शाळेला त्या दिवशी सुट्टी नसायची, पण अर्धा वर्ग नसायचा. बोटाएवढे मासे, खेकडे, काय मिळेल ते टोपलीत. मामी मासे साफ करून त्यांना मीठ, हळद, लाल मिरची आणि ठेचलेला लसूण चोळायच्या. तेल नाही. तेल खुरासणीचं, तेही मोजून मापून, सणासुदीला. मग पळसाची पानं यायची, तीन किंवा चार, एकावर एक. जून पान नको, तडकतं. अगदी कोवळं नको, गळतं. मधलं, चामड्यासारखं झालेलं. मासे मध्ये ठेवून पानांच्या चारी बाजू आत दुमडायच्या, सालीच्या दोरीने बांधायचं, की झाली पुडी.

पळस नसेल तर केळीचं पान, तेही विस्तवावरून फिरवून मऊ केलेलं, नाहीतर घडी घालताना फाटतं. सागाचं पान भरपूर मिळायचं, पण त्यातलं अन्न तांबूस होतं. कोवळं सागपान हातावर चोळलं की हात लाल होतो ना, तोच रंग. आम्हा मुलांना तो रंग आवडायचा, आईला अजिबात नाही. हळदीचं पान गोडाला, काकडी किसून तांदळाच्या पिठात घालून पानग्या करायच्या तेव्हा. ही शेवटची गोष्ट कोकणात सगळीकडे आहे, पातोळ्यांच्या रूपाने तुम्हीही खाल्ली असेल.

चूल पेटती असताना पुडी कधीच घालायची नाही, हा मामींचा पहिला नियम. जाळ खाली बसला पाहिजे, निखाऱ्यांवर राखेची साय आली पाहिजे. मग निखारे बाजूला सारायचे, पुडी फुफाट्यात ठेवायची आणि वरून थोडे निखारे ओढायचे. बाहेरचं पान काळं होऊन गळून पडतं. दुसरं करपतं. तिसऱ्याला डाग पडायला लागले की काढायचं. घड्याळ नव्हतंच, पानं मोजायची. मासा असेल तर तीन पानं, कोंबडीचे तुकडे असतील तर पाच-सहा. म्हणजे पुडी बांधतानाच ती किती वेळ विस्तवात राहणार हे ठरलेलं असायचं. फॉइलचं दुःख हेच आहे की ते काही सांगत नाही. चकचकीत आत जातं, चकचकीत बाहेर येतं. आत काय चाललंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडलं की वाफ गेली.

आणि कंद? ते पुडीत नाहीतच. ते अख्खे, सालीसकट, मासळीच्या कितीतरी आधी राखेत पुरलेले असायचे. वलगणीच्या दिवसांत नव्हे, ते हिवाळ्यात. कोनफळ, कणगर, रताळी, करांदे. वेल वाळले की जमिनीत कंद भरलेला असतो, मग पहारीने खणायचा. कडू कंद मात्र असा भाजून खाता येत नाही. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून शिजवायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या, तेव्हा कुठे त्याचा कडूपणा आणि विखार जातो. हे पहिल्यांदा कुणी आणि किती पोटं बिघडवून शोधून काढलं असेल, याचा विचार करत बसले की माझी दुपार जाते.

भाच्याच्या बटाट्यांचं कारण आईने एका वाक्यात सांगितलं, ते मी इथे चार वाक्यांत सांगते (इंजिनिअर आहे तो, त्याला आकडे लागतात). पुडीच्या आत ओल असेपर्यंत तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. मासा साठ अंशांच्या आसपास तयार होतो आणि स्टेकसारखं मऊ मांस सत्तरच्या पुढे गेलं की आक्रसतं, कोरडं होतं. बटाट्यातला स्टार्च साठ-सत्तरला फुगतो खरा, पण त्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन पंच्याऐंशीच्या पुढे गेल्याशिवाय नीट सैल पडत नाही, आणि जाड फोडीच्या पोटापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो तो वेगळाच. तेव्हा बाळा, बटाटे आधी अर्धे उकडून घे किंवा पातळ कापून वेगळ्या पुडीत अर्धा तास आधी घाल, आणि मांस आधी उघड्या विस्तवावर दोन्ही बाजूंनी खरपूस कर, कारण पुडीत ते फक्त वाफेवर शिजतं, भाजलं जात नाही. आणखी एक. फॉइलमध्ये लिंबू, टोमॅटो घालू नकोस, आंबटाने अॅल्युमिनियम विरघळतं. मामी खुशाल चिंच घालायच्या, पळसाला काही होत नाही.

फॉइलवर माझा राग नाही. अमेरिकेत रेनॉल्ड्स कंपनीने ते घरगुती वापरासाठी १९४७ साली बाजारात आणलं, म्हणजे ते माझ्या आईपेक्षाही लहान आहे. एवढ्या थोड्या वर्षांत त्याने जगभरच्या शेकोट्या काबीज केल्या, हे कौतुकाचंच. मला खटकते ती त्याच्या पाकिटावरची ती 'भांडी घासायची कटकट नाही' छापाची भाषा. कारण हेच वाक्य मी मामींच्या तोंडून ऐकलंय, आणि तेव्हा त्याचा अर्थ निराळा होता.

मोखाड्यात पाऊस इतका पडतो की कौलं हिरवी होतात. आणि मार्चनंतर पाणी नसतं. हे दोन्ही एकाच गावात होतं, हे मुंबईच्या माणसाला पटवून द्यायला फार कष्ट पडतात. मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे, २०१४ मध्ये ते पूर्ण झालं, त्याचं पाणी मुंबईला जातं. धरणाच्या आसपासच्या डोंगरांवरच्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. माझ्या लहानपणी टँकरही नव्हते. मे महिन्यात मामी पहाटे झऱ्यावर जायच्या, तळाशी साचलेलं पाणी वाटीने हंड्यात भरत बसायच्या. अशा दिवसांत पानात शिजवलं की शिजवायला पाणी लागत नाही, खायला पानच ताट होतं, आणि घासायला भांडं उरत नाही. अर्धा हंडा वाचतो. अर्धा हंडा म्हणजे डोंगरावरची अर्धी खेप. चव, धुराचा वास, 'ऑरगॅनिक' वगैरे गोष्टी आपण मागाहून शोधून काढल्या.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली आणि जव्हार-मोखाडा ही नावं महाराष्ट्रभर झाली. आम्ही तोवर नाशिकला आलो होतो. वर्गातल्या मुली मला विचारायच्या, "तुम्ही तिथे काय खायचात?" जणू तिथे खाणं नावाचा प्रकारच नाही. मी पानातल्या माशांचं वर्णन करायचे आणि त्या संशयाने बघायच्या. कंद आणि मासळीने ती मुलं वाचली असती, असला भाबडेपणा मला करायचा नाही. पावसाळ्यात घरातला दाणा संपतो, कामं नसतात, ताप-जुलाब सुरू होतात, दवाखाना लांब, आणि कंद तर तेव्हा मिळतच नाही. नुसत्या कंदावर मूल वाढतही नाही. २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि अंगाशी मूल असलेल्या बायांना एक वेळचं गरम जेवण मिळायला लागलं, ते हवंच होतं. पण भुकेच्या बातमीत माणसाला येत असलेलं सगळं पुसून जातं, आणि ते मला तेव्हाही लागलं होतं.

पुसण्याचं खरं काम मात्र बातमीने केलं नाही. ते भट्टीने केलं. दिवाळी झाली, भात झोडून झाला की पाडेच्या पाडे वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसई, कल्याण. मुलांसकट. परततात ते पावसाच्या तोंडाशी. आता महिने जुळवून बघा. कंद खणायचे ते नेमके याच दिवसांत. भट्टीवर विस्तव भरपूर, पण पळस कुठला? तिथे तीन दगडांची चूल, डाळ-भात, बाजारातले बटाटे. ज्या मुलाचे दहा हिवाळे भट्टीवर गेले, त्याला वाळलेला वेल बघून खाली कंद केवढा असेल ते कसं कळणार?

गेल्या डिसेंबरात आम्ही आईला घेऊन जव्हारला गेलो. राजवाडा, दाभोशाचा धबधबा (दुरून, तिचे गुडघे!) आणि रात्री एका तंबूवाल्या मुक्कामी. तिथे शेकोटी होती, गाणी लावली होती, आणि जेवणात काय, तर निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी आणि बटाटे... फॉइलमध्ये. मला हसू आवरेना. भाजणारा तरुण मोखाड्याच्या बाजूचाच निघाला, आईने पाड्याचं नाव विचारून खात्री करून घेतली. मग तिने विचारलं, "अरे, मागे पळस उभा आहे, आणि हे काय?"

"आजी, पानात दिलं तर पाहुणे विचारतात, धुतलंय का? यात दिलं की नाही विचारत."

थोड्या वेळाने गर्दी पांगल्यावर तो पळसाची पानं घेऊन आलाच. आईसाठी दोन तुकडे, सहा पानं. वरची दोन जळाली तेव्हा आई म्हणाली, "अजून," आणि तो म्हणाला, "माहितीये आजी." चौथं करपल्यावर त्याने पुडी काढली. मीठ जरा जास्त झालं होतं, पण आईने हाडं सोडून काही शिल्लक ठेवलं नाही. मी विचारलं, घरी करता का? तो म्हणाला, त्याचं बालपण भिवंडीच्या भट्टीवर गेलं, हे त्याला आजीने शिकवलं, तेही पावसाळ्यात, मासळीचं. कंदांचं काही येत नव्हतं. या कामावर लागल्यापासून हिवाळ्यात घरीच असतो, तेव्हा यंदा पहिल्यांदा मुलाला घेऊन कोनफळं खणायला गेला होता. एक पहारीने तुटलं, दोन अख्खी निघाली. आईने लगेच विचारलं, वेलाच्या किती लांबून खणलंस? आणि मग दोघं हातवारे करत बराच वेळ बोलत बसले.