मधला बाक

माझ्या कपाटात एका चपट्या डबीत दगडाचे दोन तुकडे आहेत. करंगळीएवढे जाड, आणि दोन्हींवर बांगड्या चढवल्यासारखे आडवे कंगोरे. दोघांच्या मधे बोटभर जागा सोडून मी तिथे कापूस भरला आहे. तमिळनाडूतल्या कारई गावाजवळच्या एका घळीत ते मला मिळाले, तेव्हा माझ्या संशोधनाचं पहिलं वर्ष होतं. त्यांच्या शेजारीच तिसरा एक तुकडा पडला होता, गळासारखा वाकलेला, तडकलेला, अर्ध्या अंगावर जिप्समचे खवले चढलेला. मला सरळ आणि स्वच्छ नमुने हवे होते. तो मी तिथेच टाकून दिला.

तिन्ही तुकडे एकाच प्राण्याचे, एकाच ॲमोनाइटचे होते, हे कळायला दोन वर्षं गेली.

ॲमोनाइट मराठी घराला परका नाही. दिवाळीनंतर तुळशीच्या लग्नात पुष्कळ घरांत जो शाळिग्राम नवरदेव होतो, त्यावरचं चक्र म्हणजे ॲमोनाइटचा शंख. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळणारे हे काळे गोटे ज्युरासिक काळातल्या समुद्राच्या चिखलातून आले आहेत. त्या शंखात राहणारा प्राणी आजच्या माकूळ आणि ऑक्टोपसच्या नात्यातला. चक्राचे वेढे एकाच पातळीत, एकाला एक चिकटून असतात, आणि ॲमोनाइट म्हटलं की हाच आकार डोळ्यांपुढे येतो. काही घराण्यांनी मात्र हे वेटोळं सोडलं. बॅक्युलाइट्स काठीसारखा सरळ वाढला. हॅमाइट्स केसांच्या आकड्यासारखा दुमडला. ट्युरिलाइट्स जिन्यासारखा वळत वर चढला. अशांना आम्ही हेटेरोमॉर्फ म्हणतो. जपानी संग्राहक त्यांना ‘इजोमाकी’, म्हणजे असामान्य वळणाचे, म्हणतात.

गुंडाळलेल्या शंखात एक वेढा दुसऱ्याला टेका देतो. मोकळ्या नळीला असा आधार नसतो, त्यामुळे ती गाळात गाडली जाताना आणि लाखो वर्षांनी उघडी पडताना, दोन्ही वेळा मोडते. म्हणून हेटेरोमॉर्फ हातात येतो तो बहुधा तुकड्यांत. या शास्त्राचे पुष्कळ घोटाळे इथेच सुरू झाले आहेत. 1840 च्या दशकात के आणि कनलिफ या दोघांनी पुदुच्चेरी आणि त्रिचनापल्लीच्या परिसरातून जमवलेले जीवाश्म लंडनला गेले, आणि एडवर्ड फोर्ब्सने 1846 मध्ये त्यांचं वर्णन छापलं. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आलेल्या फर्डिनांड स्टोलिच्का या मोरावियातल्या तरुणाने दक्षिण भारतातल्या क्रेटेशियस काळाच्या जीवाश्मांवर जाडजूड ग्रंथ लिहिले. काराकोरमच्या वाटेवर 1874 मध्ये तो वारला, तेव्हा जेमतेम छत्तीस वर्षांचा होता. त्याच्या ग्रंथांतले चित्रफलक मी आजही उघडतो. चित्रकाराने तुटका नमुना तुटकाच काढला आहे, उरलेला भाग कल्पनेने भरलेला नाही. तो प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

मला मात्र तो जमला नव्हता. माझ्या एका तुकड्यावरचे कंगोरे तिरके होते, दुसऱ्यावरचे काटकोनात. मी त्यांच्या दोन जाती ठरवल्या. नंतर एका संग्रहालयात त्याच घराण्याचा एक पूर्ण शंख पाहायला मिळाला. कोवळ्या वयातल्या दांड्यावर कंगोरे तिरके होते, बाकावर ते पंख्यासारखे पसरत गेले होते आणि मोठ्या दांड्यावर सरळ झाले होते. परतल्यावर मी फील्डचे जुने फोटो काढले. मोजमापासाठी हातोडी ठेवून घेतलेल्या एका फोटोच्या कोपऱ्यात माझा टाकून दिलेला बाक होता, आणि त्याच्यावर तोच पंखा.

या वाकड्या आकारांवर विज्ञानानेही मोठा अन्याय केला. हे वंश म्हातारे झाले होते, त्यांची वाढ ताळ सोडून चालली होती, असं कितीतरी वर्षं मानलं जाई. जणू आकाराचा वाकडेपणा ही नामशेष होण्याची पूर्वसूचनाच. पण असे शंख ट्रायासिकमध्ये आहेत, ज्युरासिकमध्ये आहेत, आणि क्रेटेशियसमध्ये तर त्यांची रेलचेल आहे. योस्ट वीडमान याने 1969 मध्ये दाखवून दिलं, की काही हेटेरोमॉर्फ वंशांतून पुन्हा गुंडाळलेले शंख निपजले. थकलेला वंश असं करत नाही.

निप्पोनाइट्सचं उदाहरण तर मला सगळ्यात प्रिय आहे. होक्काइदोतल्या या शंखाचं वर्णन हिसाकात्सु याबे यांनी 1904 मध्ये केलं. पाहताना वाटतं, दोरीचा गुंता झाला आहे. ताकाशी ओकामोतो यांनी 1980 च्या दशकात संगणकावर तो वाढवून पाहिला आणि गुंत्यातला नियम सापडला. नळी उजवीकडे वळते, डावीकडे वळते किंवा सपाट वेटोळं घेते. तोंड फार वर किंवा फार खाली झुकू लागलं, की वळणाची दिशा बदलते. पाण्यात तरंगणारा प्राणी आपलं तोंड ठरावीक कलात राखत होता, त्यातून ही गाठ उभी राहिली. आज जपानमध्ये 15 ऑक्टोबर हा जीवाश्म दिन आहे, तो निप्पोनाइट्सच्या प्रकाशनाचा दिवस म्हणून.

या प्राण्यांच्या पोटापाण्याचाही थोडा माग लागला आहे. अमेरिकेत मिळालेल्या बॅक्युलाइट्सच्या जबड्यांचं ग्रनोबल इथल्या सिंक्रोट्रॉन यंत्राच्या क्ष-किरणांनी केलेलं चित्रण 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. तोंडात बारीक दात होते, आणि दातांशी एका चिमुकल्या कवचधारी जिवाचे आणि गोगलगायीच्या पिल्लाचे अवशेष.

विद्यार्थ्यांना घेऊन मी कारईला जातो, तेव्हा पहिल्या दिवशी हातोडी पिशवीतच राहते. गेरूच्या आणि राखाडी रंगाच्या त्या मातीत पावसाने घळींचं जाळं कापलं आहे. घसरलेला तुकडा दिसला, की तो उचलायचा नाही. आधी उतार वर चढत जायचं, तो कुठल्या थरातून सुटला ते शोधायचं, थराची उंची मोजायची, आणि मगच आजूबाजूच्या हातभर जागेतला प्रत्येक चुरा वेचायचा. सगळं एका पिशवीत, एका क्रमांकाखाली. चिकटवायचं ते पुन्हा सोडवता येईल अशाच डिंकाने, कारण आपला जोड चुकलेला असू शकतो. बाजारात दोन वेगळ्या शंखांचे भाग जोडून एक देखणा नमुना केलेला आढळतो. असा नमुना माझ्या लेखी निव्वळ नासाडी आहे. त्यात दोन प्राणी हरवलेले असतात.

त्या जुन्या घळीत मी तिसऱ्या वर्षी पुन्हा उतरलो. मधे दोन पावसाळे होऊन गेले होते. कड ढासळली होती, फोटोतला दगड ओळखू येत होता, त्याच्या पायथ्याशी नवा गाळ साचला होता. तो मी दोन दिवस चाळला. बेलेम्नाइट या दुसऱ्याच समुद्री प्राण्याच्या कांड्या मिळाल्या, जिप्समच्या पात्या मिळाल्या.

डबीवर आता एकच क्रमांक आहे. खाली पेन्सिलीने थर, तारीख, फोटोचा क्रमांक, आणि कापसाच्या बरोबर खाली लिहिलं आहे: ‘बाक जागेवर पाहिला, उचलला नाही.’